परवाना नाकारल्याचं पत्र कसं वाचायचं

परवाना नाकारल्याचं पत्र हातात पडलं की वकिलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा: हायकोर्ट परवाना देईल का? बहुतेक वेळा देत नाही. तरीही अशा याचिका जिंकल्या जातात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेली याचिका, म्हणजे अपील नव्हे. अर्जदार परवान्याला लायक आहे की नाही, हे ठरवायला हायकोर्ट स्वतः बसत नाही. ज्याला कायद्याने अधिकार दिला त्यानेच निर्णय घेतला का, कायद्याने सांगितलेल्याच गोष्टी पाहून घेतला का, तुमचं म्हणणं ऐकलं का आणि कारणं लिहिली का, एवढं ते तपासतं. निर्णय पटत नाही म्हणून तो रद्द होत नाही. तो घेण्याची रीत चुकली असेल, किंवा कोणाही समंजस माणसाने घेतला नसता इतका तो अतार्किक असेल, तर होतो.

म्हणजे सगळी भिस्त त्या एका कागदावर. तो कागद नीट वाचला जात नाही, ही खरी अडचण आहे. रागाच्या भरात लोक थेट ‘आमच्यावर अन्याय झाला’ इथून सुरुवात करतात आणि वीस पानांच्या याचिकेत आदेशातल्या चार ओळींची चिरफाड कुठेच नसते.

वाचायला सुरुवात तळापासून करा. सही कोणाची आहे? कायद्यात अधिकार सहायक आयुक्तांना असेल आणि पत्रावर ‘आयुक्तांच्या आदेशावरून’ अशी अधीक्षकाची सही असेल, तर निर्णय खरोखर कोणी घेतला हे फाइल पाहिल्याशिवाय कळणार नाही. मग वर जा: कोणत्या कलमाखाली, कोणत्या नियमाखाली नाकारलंय? कलमच लिहिलेलं नसेल तर तेही टिपून ठेवा. त्यानंतर कारणं. शेवटी दोन तारखा, आदेशाची आणि तो तुम्हाला मिळाल्याची. पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का त्यावरच असतो. ऑनलाइन नकार आला असेल तर पोर्टलवरच्या स्थितीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा. पुढे मुदतीचा वाद निघाला की हाच पुरावा.

सही कोणाची, हा मुद्दा किती दूर जातो हे अंधेरीच्या एका सिनेमागृहाने दाखवून दिलं. गोरधनदास भानजी यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये अंधेरीत सिनेमागृह बांधायला परवानगी दिली. सप्टेंबरात आयुक्तांचंच पत्र आलं: आपणास कळवण्याचे सरकारचे निर्देश आहेत की ही परवानगी रद्द करण्यात येत आहे. नियमांप्रमाणे परवानगी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हे. कोर्टात आयुक्तांच्या बाजूने सांगण्यात आलं की निर्णय त्यांचा स्वतःचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते मानलं नाही. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पत्राचे शब्द धरले. कायद्याने दिलेला अधिकार वापरून जाहीरपणे काढलेला आदेश त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा. आपल्या मनात काय होतं, हे अधिकाऱ्याने नंतर सांगून चालणार नाही. आयुक्तांनी स्वतःचं डोकं वापरलंच नव्हतं, दुसऱ्याचा हुकूम पुढे पाठवला होता. म्हणून परवानगी रद्द झालीच नाही असं धरलं गेलं. पण कोर्टाने पुढे काय केलं तेही लक्षात ठेवा. आयुक्तांना सांगितलं की हरकती तुमच्यासमोर आहेत, आता स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्या. सिनेमागृह उभारायचा हुकूम कोर्टाने दिला नाही.

आजही ‘वरिष्ठांच्या निर्देशानुसार’, ‘मा. मंत्रिमहोदयांच्या सूचनेनुसार’, ‘शासन पत्रान्वये’ असे शब्द नकाराच्या पत्रांत सर्रास दिसतात. कायद्याने ज्याच्या हाती अधिकार दिला तो अधिकारी सोडून दुसऱ्याच्या सांगण्यावरून नकार आला असेल, तर तो एक मुद्दा बाकीच्या दहांवर भारी पडतो. मात्र काही कायद्यांत सरकारला निर्देश देण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला असतो. ते कलम आधी शोधा, मगच हा मुद्दा मांडा.

गोरधनदास निकालाचाच धागा १९७७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात पुढे गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तत्त्व पक्कं केलं: आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, नंतरच्या शपथपत्रात नवी कारणं भरून नव्हे. व्यवहारात या तत्त्वाचा उपयोग असा होतो. सरकारचं शपथपत्र आलं की आदेश आणि शपथपत्र शेजारी ठेवा. आदेशात ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढंच असेल आणि शपथपत्रात अचानक अग्निशमनाचा दाखला, शेजाऱ्यांच्या तक्रारी, पार्किंग असं सगळं आलं असेल, तर प्रत्युत्तरात तक्ता करा: एका बाजूला आदेशातलं कारण, दुसऱ्या बाजूला शपथपत्रातलं. न्यायाधीशांना हे एका नजरेत दिसलं पाहिजे.

कारण लिहिलंय म्हणजे ते कारण झालंच असं नाही. ‘जनहितार्थ परवाना देणे योग्य वाटत नाही’ हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने’ हेही अर्धंच. अहवालात काय आहे, तो तुम्हाला दाखवला का, आणि त्यातल्या कोणत्या बाबीवर अधिकाऱ्याने स्वतः विचार केला? बऱ्याच अहवालांत ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे ठरलेलं वाक्य असतं, आणि खाली एकाही गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक नसतो. याचिकेत ते वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि खाली लिहा की यामागे कोणतीही घटना, तारीख किंवा गुन्हा नमूद नाही.

सुनावणीबाबत आधी स्वतःला विचारा: अर्ज नवा आहे, नूतनीकरणाचा आहे, की चालू परवाना रद्द झालाय? रद्द करताना नोटीस आणि सुनावणी हवीच, यावर वाद नाही. नूतनीकरणातही न्यायालयं जवळपास तेवढीच काळजी मागतात, कारण धंदा उभा असतो, कामगार असतात, कर्ज असतं. नव्या अर्जावर प्रत्येक वेळी तोंडी सुनावणी मिळेल असं नाही. तिथे मूळ कायदा काय म्हणतो ते पाहावं लागतं.

अन्न व्यवसायाचं उदाहरण घ्या. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ३१ प्रमाणे नवा परवाना नाकारायचा तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने अर्जदाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, सार्वजनिक आरोग्यासाठी नकार आवश्यक आहे असं त्याचं समाधान झालं पाहिजे आणि आदेशाची प्रत अर्जदाराला दिली पाहिजे. या चारांपैकी एक जरी चुकलं तरी हल्ल्याला जागा आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी फार थोडे अर्जदार वापरतात: अर्जापासून दोन महिन्यांत परवानाही नाही आणि नकारही नाही, तर व्यवसाय सुरू करता येतो. अधिकाऱ्याला मग परवाना नाकारता येत नाही. गरज वाटल्यास सुधारणा नोटीस, म्हणजे उणिवा दूर करण्याची नोटीस, देता येते. यात घोळ होतो तो शेऱ्यांमुळे. पोर्टलवर त्रुटी निघते, अर्जदाराचा मोबाइल नंबर एखाद्या एजंटाचा असतो, त्रुटी कोणी पाहत नाही आणि माहिती दिली नाही म्हणून अर्ज निकाली निघतो. अशा नकाराविरुद्ध कोर्टात सांगण्यासारखं फारसं उरत नाही. अर्जात स्वतःचाच नंबर आणि ईमेल द्या.

सुनावणीच्या हक्काचा अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल एका मल्याळम वृत्तवाहिनीचा आहे. मीडिया वन वाहिनीच्या परवानगीचं नूतनीकरण माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये नाकारलं. कारण एकच: गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी दिली नाही. ती का दिली नाही, हे वाहिनीला सांगितलंच नाही. सरकारने कागद बंद पाकिटात केरळ हायकोर्टाला दिले. एक सदस्यीय पीठ आणि खंडपीठ, दोघांनीही ते पाहून नकार कायम केला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचा उल्लेख केला की नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू ऐकून घेण्याचा नियम, संपत नाही. माहिती लपवायची तर ती का लपवली आणि तेवढीच लपवणं गरजेचं होतं का, हे सरकारला दाखवावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. इथे मात्र कोर्टाने फेरविचाराला पाठवून हात झटकले नाहीत, चार आठवड्यांत परवानगीचं नूतनीकरण करायला सांगितलं. सुरक्षा मंजुरी लागणाऱ्या प्रत्येक धंद्याने हा निकाल वकिलासोबत बसून वाचावा. त्यातला प्रमाणबद्धतेचा, म्हणजे निर्बंध गरजेपुरताच आहे का हे पाहण्याचा, भाग विशेष, कारण साध्या ‘अतार्किकते’पेक्षा ती कसोटी सरकारला जड जाते.

कधी कधी अधिकाऱ्याचं काही चुकलेलंच नसतं. खोट नियमातच असते. महाराष्ट्रात डान्सबारच्या परवान्यांबाबत हेच झालं. २०१६ च्या कायद्याखाली शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटरच्या आत परवाना नाही, अशी अट होती. मुंबईत ही अट पाळणारी जागा शोधून सापडणार नाही. अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर त्याचा दोष काय? १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट आणि नृत्याच्या जागी सीसीटीव्ही बसवण्याची सक्ती, दोन्ही रद्द केल्या. तुमचा नकार अशाच एखाद्या अटीवर उभा असेल तर नुसत्या आदेशाला आव्हान देऊन भागणार नाही. त्याच याचिकेत नियमाच्या वैधतेलाही आव्हान द्या, नाहीतर आदेश रद्द होऊन त्याच नियमावर दुसरा नकार येईल.

अपील की रिट?

सर्वाधिक याचिका पडतात त्या इथे. कायद्यात अपिलाची सोय असेल तर हायकोर्ट म्हणणार, आधी तिकडे जा. अन्न परवान्याच्या नकाराचं अपील अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जातं. मद्य परवान्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम १३७ खाली अपील आणि १३८ खाली पुनरीक्षण (आदेशाची वरून फेरतपासणी) आहे. तुमची सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर नकाराची कारणं लेखी देणं आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं हे कळवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पहिलं अपील ३० दिवसांत. अर्ज नुसता पडून असेल तर हा कायदा फार उपयोगी आहे, कारण कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते.

अपिलाची वाट सोडून थेट रिट चालते ती मोजक्या परिस्थितींत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालात त्या सांगितल्या आहेत: मूलभूत हक्काची अंमलबजावणी, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना काढलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. तुमचं प्रकरण यांत बसत असेल तर याचिकेत तसा स्वतंत्र परिच्छेद हवा, कारण दाखल करून घेतानाच पहिला प्रश्न हा येतो. बसत नसेल तर अपील करा आणि मुदतीत करा. घातक चूक होते ती अशी: रिट दाखल होते, आठ महिने तहकुबी चालते, शेवटी कोर्ट ‘अपील करा’ म्हणतं, आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असते. २०२० च्या ग्लॅक्सो स्मिथक्लाइन निकालानंतर मुदत घालवून रिटकडे वळणाऱ्यांना दार जवळपास बंद आहे. याचिका मागे घ्यावी लागलीच तर अपिलाची मुभा आणि याचिकेत गेलेला काळ विचारात घेण्याचा उल्लेख आदेशात मागून घ्या. तोंडी आश्वासनाला अपील अधिकारी विचारणार नाही.

याचिकेआधीची फाइल

रिट याचिकेत सहसा साक्षीदार तपासले जात नाहीत. कागदांवर आणि शपथपत्रांवर काम चालतं. म्हणून कागद आधी गोळा करायचे. नकार आला त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस; महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘परवाना का नाकारला’ असं विचारू नका, त्याला ‘आदेश पाहावा’ असं उत्तर येतं. अर्ज क्रमांक देऊन संपूर्ण फाइलची प्रत मागा: टिपण्या, आलेले अहवाल, हरकती, वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार. खरी गोष्ट टिपण्यांत सापडते. कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘सर्व अटींची पूर्तता, परवाना देण्यास हरकत नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढच्या पानावर एकाही कारणाशिवाय ‘नामंजूर’. अशी दोन पानं याचिकेला जोडली की सरकारी वकिलाला उत्तर देणं कठीण जातं.

अंतराचा वाद असेल तर स्वतः टेप लावून काढलेले फोटो कामाचे नाहीत. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. महामार्गालगतच्या मद्य दुकानांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने ५०० मीटरची अट आली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ती २२० मीटर झाली, तर त्याच वर्षी जुलैत नगरपालिका हद्दीला ती लागू नाही असा खुलासा आला. अशा वादात मोजमाप कुठून कुठे घेतलं यावरच सगळं ठरतं, आणि वादग्रस्त मोजमाप हायकोर्ट स्वतः कधीच करत नाही.

याचिकेत प्रतिवादी कोण? राज्य सरकार, परवाना प्राधिकारी आणि अपील झालं असेल तर अपील प्राधिकारी. नकार एखाद्या हरकतदारामुळे असेल तर त्यालाही जोडा, नाहीतर अर्ध्या वाटेवर तो हस्तक्षेप अर्ज घेऊन येतो आणि तारीख पुढे जाते. याचिका कुठे, हे जिल्ह्यावर अवलंबून: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच. रिट याचिकेला मुदत कायद्यात लिहिलेली नाही, पण उशीर झाला तर त्याचा खुलासा तारखांसह द्यावा लागतो. हक्कांच्या मांडणीतही जपा: अनुच्छेद १९(१)(छ) मधलं व्यवसायस्वातंत्र्य नागरिकांसाठी आहे, कंपनीसाठी नाही. कंपनीच्या नावाने परवाना असेल तर एखाद्या भारतीय भागधारकाला सहयाचिकाकर्ता करा. अनुच्छेद १४ मधला समानतेचा हक्क मात्र सगळ्यांना आहे.

अंतरिम आदेशाबाबत मोठा गैरसमज असतो. नव्या अर्जावरच्या नकाराला स्थगिती मिळाली तरी हाती काहीच येत नाही. नकार थांबला म्हणून परवाना मिळत नाही. तिथे लवकर अंतिम सुनावणी किंवा ठरावीक मुदतीत फेरनिर्णय मागणं शहाणपणाचं. नूतनीकरणात आणि रद्द करण्याच्या प्रकरणात मात्र स्थगिती म्हणजे दुकानाचं शटर उघडं राहणं. म्हणून तिथे पहिल्याच तारखेला तोच मुद्दा लावून धरा.

काही युक्तिवाद ऐकायला जोरदार वाटतात, पण चालत नाहीत. ‘शेजारच्याला दिला, मला का नाही?’ त्याला परवाना नियमाबाहेर मिळाला असेल तर ती चूक तुमच्यासाठी पुन्हा करायला कोर्ट सांगणार नाही. तुमची आणि त्याची परिस्थिती सारखी होती व दोघेही नियमात बसत होता, हे दाखवलं तरच समानतेचा मुद्दा उभा राहतो. ‘अर्ज केला तेव्हा नियम वेगळा होता’ हेही सहसा टिकत नाही. १९८१ च्या हिंद स्टोन निकालापासून अर्ज निकाली निघतो त्या दिवशीचा नियम लागतो असं धरलं जातं. मद्यधंद्यात मूलभूत हक्काची भाषा वापरू नका. १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालाने तो दरवाजा बंद केला आहे. तिथे मनमानी आणि भेदभाव एवढ्यावरच भर द्या. आणि प्रतिस्पर्ध्याला परवाना मिळाला म्हणून तुम्ही कोर्टात गेलात तर १९७५ चा जसभाई देसाई निकाल आडवा येतो. तोही सिनेमागृहाचाच वाद होता. धंद्याला स्पर्धा आली, एवढ्याने माणूस ‘बाधित’ होत नाही.

मागणीचे परिच्छेद मसुद्याच्या शेवटी घाईत लिहिले जातात. ते आधी लिहावेत. आदेश रद्द करणं, मूळ फाइल कोर्टापुढे मागवणं, सुनावणी देऊन अमुक आठवड्यांत नवा सकारण निर्णय, आणि पर्यायी म्हणून थेट परवाना देण्याचा आदेश. ही शेवटची मागणी वगळू नका. नाकारण्यासारखं काहीच उरलेलं नसेल तर अधिकाऱ्याने जो आदेश द्यायला हवा होता तो कोर्ट स्वतः देऊ शकतं, असं १९८६ च्या जगन्नाथन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. मागितलंच नसेल तर कोर्ट आपणहून देणार नाही.

फेरविचाराचा आदेश मिळाला की अनेक जण निर्धास्त होतात. तोच अधिकारी त्याच निष्कर्षावर, या वेळी चार पानांची कारणं लिहून येऊ शकतो, आणि ते कायदेशीर असतं. म्हणून निकालाच्या वेळीच आग्रह धरा की आदेशातलं अमुक कारण टिकत नाही असा स्पष्ट निष्कर्ष कोर्टाने नोंदवावा, म्हणजे तेच कारण पुन्हा वापरता येणार नाही. निकालाची प्रमाणित प्रत अर्जाला जोडून कार्यालयात द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या, कारण ‘आदेश मिळाल्यापासून चार आठवडे’ यातले चार आठवडे त्या शिक्क्यापासून मोजले जातात. फेरसुनावणीला जाताना म्हणणं लेखी न्या, त्याचीही पोच घ्या. मुदत उलटली तर आधी स्मरणपत्र द्या आणि मग अवमान याचिका करा. ती अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते.